दुसऱ्या गिअरमधील मूल्यांकन आणि घरपट्टीचा परतावा

इंग्लंडमध्ये आज एखादे घर नव्याने बांधून पूर्ण झाले, तरी त्याची घरपट्टी ठरविताना एक चमत्कारिक प्रश्न विचारला जातो. हे घर १ एप्रिल १९९१ रोजी उभे असते, तर खुल्या बाजारात त्याला किती किंमत आली असती? या प्रश्नाचे जे उत्तर सरकारी मूल्यांकन कार्यालय देते, त्यावर त्या घराची 'कौन्सिल टॅक्स'ची श्रेणी ठरते आणि सामान्यतः ती पुढे तशीच राहते. तीन दशकांहून अधिक काळ उलटला, घरांच्या किमती कितीतरी पटींनी वाढल्या, पण हिशेबाची तारीख बदललेली नाही. हे उत्तर प्रारंभीच चुकले असेल, तर त्या घरात राहणारा माणूस वर्षानुवर्षे जादा कर भरत असतो आणि बहुतेक वेळा त्याला त्याचा पत्ताही नसतो. ही चूक शोधून काढून श्रेणीला आव्हान देता येते व ते मान्य झाल्यास भरलेली जादा रक्कम परत मिळते. मात्र हा मार्ग दिसतो तितका निर्धोक नाही.

चूक झाली कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने मालमत्तेऐवजी माणशी कर आकारणारा 'पोल टॅक्स' १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये लागू केला. हवेलीतल्या उमरावाला आणि भाड्याच्या खोलीतल्या कामगाराला जवळपास सारखाच भुर्दंड, अशी ही मुंडपट्टी होती. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात तिच्याविरुद्ध उसळलेली दंगल प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थॅचर यांना पायउतार व्हावे लागले, त्यामागील कारणांत हा करही होता. नंतरच्या जॉन मेजर सरकारला हे लोढणे लवकरात लवकर गळ्यातून काढायचे होते. १९९२ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स सुरू झाला.

या घाईत इंग्लंडमधील सुमारे दोन कोटी घरांची किंमत ठरवायची होती. प्रत्येक घरात जाऊन मोजमाप करणे अशक्य होते. त्यामुळे सरकारी मूल्यांककांच्या जोडीला खासगी इस्टेट एजंटांना कंत्राटे देण्यात आली. यांपैकी अनेकांनी रस्त्यावरून गाडी हळूहळू चालवीत, काचेतूनच दोन्ही बाजूंची घरे पाहून श्रेणी लिहिल्या. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून केलेले हे काम 'सेकंड गिअर मूल्यांकन' याच नावाने पुढे ओळखले जाऊ लागले. एकाच रस्त्यावर, एकाच वर्षी, एकाच नकाशाप्रमाणे बांधलेली दोन घरे दोन वेगळ्या श्रेणींत पडली, त्याचे एक मूळ येथे आहे.

श्रेणी एकूण आठ आहेत. इंग्लंडमध्ये १९९१ च्या भावाने ४० हजार पौंडांपर्यंतचे घर 'ए' श्रेणीत, ६८ हजारांच्या वर व ८८ हजारांपर्यंतचे 'डी' श्रेणीत आणि ३ लाख २० हजारांवरील प्रत्येक घर 'एच' श्रेणीत येते. 'डी'चा कर हा पाया धरला जातो. 'ए'ला त्याच्या नऊ भागांपैकी सहा, 'सी'ला आठ, तर 'एच'ला अठरा भाग कर पडतो. म्हणजे घराची किंमत आठपट असो वा ऐंशीपट, कर वाढतो फक्त तिप्पट. त्यात दर ठरविणार प्रत्येक स्थानिक कौन्सिल. २०२४-२५ मध्ये लंडनच्या मध्यवर्ती वेस्टमिन्स्टरमध्ये 'डी' श्रेणीचा कर हजार पौंडांच्याही आत होता, तर ईशान्येकडील हार्टलपूलमध्ये तो दोन हजारांहून अधिक होता. परिणामी वेस्टमिन्स्टरमधील राजवाड्यासारख्या घराला हार्टलपूलमधील मध्यम घरापेक्षा कमी कर पडला. ही विषमता श्रेणीला आव्हान देऊन दूर होत नाही. आव्हानाचा संबंध फक्त एवढ्याशीच, की आपले घर योग्य रकान्यात बसविले आहे की नाही.

तरीही ही रक्कम किरकोळ नाही. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमधील 'डी' श्रेणीचा सरासरी कर २,२८० पौंड होता. 'डी'मधील घर 'सी'मध्ये आले, तर या दराने वर्षाला सुमारे २५३ पौंड वाचतात. शिवाय मूळ नोंदच चुकीची असल्याचे सिद्ध झाले, तर ज्या दिवसापासून तो करदाता त्या घरात राहतो त्या दिवसापासूनचा फरक, फार जुना रहिवासी असेल तर १९९३ पासूनचा, कौन्सिलला परत करावा लागतो. पूर्वीचे दर कमी होते हे धरूनही हा आकडा काही हजारांत जातो. ग्राहकांच्या पैशांचे प्रश्न मांडणारे पत्रकार मार्टिन लुईस यांनी २००७ मध्ये दूरचित्रवाणीवरून ही गोष्ट उघड केली, तेव्हापासून श्रेणी तपासून पाहणे हा तेथील मध्यमवर्गाचा एक परिचित उद्योग झाला आहे. हॅरो, स्लाव किंवा हाउन्स्लोमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे. भाडेकरूही कर स्वतः भरत असल्यास दाद मागू शकतो, ही बाब नव्याने गेलेल्यांना बहुधा ठाऊक नसते.

तपासणीचे दोन भाग आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. पहिला भाग शेजाऱ्यांचा. प्रत्येक घराची श्रेणी सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. आपल्यासारख्याच आकाराची, त्याच काळातली, त्याच रस्त्यावरची घरे खालच्या श्रेणीत आहेत का, हे पाहावे लागते. दुसरा भाग १९९१ च्या किमतीचा. घर पुढे ज्या भावाने विकले गेले त्यावरून किंमत निर्देशांकाच्या आधारे मागे जात अंदाज काढता येतो. मात्र हा अंदाज स्वतःची खात्री करण्यापुरताच असतो. मूल्यांकन कार्यालय पुरावा म्हणून मागते ती मिळत्याजुळत्या घरांची उदाहरणे, फार तर पाच, किंवा एप्रिल १९८९ ते मार्च १९९३ या काळातील प्रत्यक्ष विक्रीच्या किमती.

हा दुसरा भाग वगळून जे घाई करतात, ते अडचणीत येतात. शेजाऱ्याचे घर खालच्या श्रेणीत आहे याचा अर्थ आपले घर चुकीचे आहे असाच होतो असे नाही. चूक शेजाऱ्याच्या नोंदीत असू शकते. कार्यालयाने फाइल उघडली की ते दोन्ही घरे पाहू शकते, आणि मग अर्जदाराचा कर तसाच राहून भिंतीपलीकडच्या वृद्ध दांपत्याचा कर वाढण्याचा प्रसंग येतो. अर्जदाराची स्वतःची श्रेणीही वर जाऊ शकते. वाढ झालीच तर ती मागील तारखेपासून वसूल केली जात नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. परंतु ज्याने काही मागितलेही नव्हते त्या शेजाऱ्याला त्याचे काय समाधान? परताव्याच्या उत्साहात हा मुद्दा नेहमी शेवटच्या ओळीत ढकलला जातो; खरे तर तो पहिला असायला हवा.

वेळेचेही बंधन आहे. नवा करदाता घरात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत औपचारिक हरकत घेऊ शकतो आणि ती फेटाळली गेली, तर तीन महिन्यांत स्वतंत्र मूल्यांकन न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. सहा महिने उलटल्यावर फक्त फेरतपासणीची विनंती करता येते आणि ती विचारात घ्यावी एवढा सबळ पुरावा आधी स्वतःच द्यावा लागतो. दरम्यान कर भरणे थांबविता येत नाही. या सर्व प्रक्रियेला शुल्क नाही. तरीही परताव्यातला वाटा मागणारे मध्यस्थ दूरध्वनी करीत असतातच. जो अर्ज करदाता घरबसल्या विनामूल्य करू शकतो, त्याचीच ते किंमत घेतात.

भरलेली घरपट्टी परत मिळविण्याची ही धडपड महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरावरील ४० टक्के सवलत २०१८ मध्ये रद्द झाली, २०२३ मध्ये ती पुन्हा लागू झाली आणि जादा भरलेली रक्कम पुढील बिलांत वळती करून घेण्यासाठी हजारो पुणेकरांना 'पीटी-३' अर्ज भरावा लागला. तेथेही सवलत आपोआप मिळत नव्हती, मागावी लागत होती.

मग सर्व घरांचे नव्याने मूल्यांकन का होत नाही? उत्तर राजकीय आहे. वेल्सने एप्रिल २००३ च्या किमती धरून २००५ मध्ये फेरमूल्यांकन केले आणि नववी श्रेणी आणली. जवळपास एक तृतीयांश घरे वरच्या श्रेणीत गेली; खाली आलेल्यांची संख्या त्या मानाने फारच थोडी होती. हा अनुभव ताजा असतानाच इंग्लंडमध्ये २००७ साठी ठरलेले फेरमूल्यांकन सप्टेंबर २००५ मध्ये पुढे ढकलण्यात आले. त्यानंतर एकाही पंतप्रधानाने त्याला हात लावलेला नाही. वेल्सने पुढील फेरमूल्यांकन २०२८ पर्यंत लांबविले. इंग्लंडमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात २० लाख पौंडांवरील घरांना एप्रिल २०२८ पासून वर्षाला अडीच हजार ते साडेसात हजार पौंडांचा अधिभार जाहीर केला. त्यासाठी या मोजक्या घरांची किंमत आजच्या भावाने ठरवावी लागेल. उरलेल्या घरांसाठी १ एप्रिल १९९१ हीच तारीख कायम आहे.