आजार जन्माचा, साह्याला मर्यादा

एखाद्या मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो, कान वाहतो. दर वेळी प्रतिजैविके दिली जातात आणि 'प्रकृतीच नाजूक' म्हणून विषय मिटविला जातो. वस्तुतः अशा काही मुलांच्या शरीरात जन्मतःच पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. अमेरिकन डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलात हा दोष ओळखला आणि गॅमा ग्लोब्युलिन टोचून उपचाराची वाटही दाखविली.

आज प्रश्न आहे तो या उपचाराच्या अर्थकारणाचा. हे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे काढावे लागते. ते शिरेवाटे दर तीन-चार आठवड्यांनी, किलो वजनामागे साधारणतः ४०० ते ६०० मिलिग्रॅम, असे आयुष्यभर द्यावे लागते. म्हणजे २० किलोच्या मुलास खेपेला ८ ते १२ ग्रॅम! मूल अंगाने भरू लागले की आनंद मानावा की धास्ती घ्यावी, असा पेच आईबापांपुढे पडतो.

केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात या रोगाचा समावेश आहे. २०२२ पासून ठरावीक केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत साह्याची तरतूदही झाली. परंतु मर्यादा कितीही मोठी असली तरी ती कधीतरी संपते. रोग संपत नाही. उपचारात खंड पडला की वारंवारच्या संसर्गाने फुप्फुसे कायमची निकामी होऊ लागतात आणि वाचविलेला पैसा दामदुपटीने मोजावा लागतो. म्हणूनच जिल्हा रुग्णालयात प्रतिपिंडांची रक्ततपासणी आणि औषधाचा नियमित पुरवठा यांना अंदाजपत्रकात कायमचे स्थान हवे. तो दानधर्म नव्हे, शहाणा हिशेब होय.