उकिरड्यावरची काळी गांधीलमाशी

मराठीत घरातली माशी 'माशी'च आणि गांधीलमाशीही 'माशी'च. खरं तर एकीला पंख दोन, दुसरीला चार. नातं लांबचंच, पण शेणाच्या ढिगावर दोघींची गाठ पडते आणि ती आपल्या फायद्याची असते.

इच्छापोरला आमच्या गल्लीमागे तबेला आहे. माश्या वाढल्या की कुणीतरी पंप घेऊन येतो, ढिगावर औषध मारून जातो. आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मला हे पटत नाही.

माशी एका वेळी शंभरेक अंडी घालते. दिवसाभरात अळ्या निघतात, चार-सहा दिवस खातात आणि ढिगाच्या कोरड्या कडेला सरकून कोष करतात: तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढा. स्पॅलँजिया नावाची दोन-तीन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी शेणात शिरून हेच कोष शोधते. भोक पाडून आत एक अंडं घालते. तिची अळी आतली माशी खाऊन वाढते, आणि तीनेक आठवड्यांनी कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर पडते. माणसाच्या वाटेला ती जात नाही.

ऐकायला क्रूर वाटतं. अशाच, सुरवंट आतून खाणाऱ्या कीटकांबद्दल डार्विननं १८६० साली एसा ग्रे यांना लिहिलं होतं, की दयाळू ईश्वरानं हे मुद्दाम घडवलं असेल हे मनाला पटत नाही. तो प्रश्न मोठा आहे, तबेल्यात सुटणारा नाही.

आपला हिशेब साधा. गरम हवेत माशीची पिढी दहा दिवसांत तयार, गांधीलमाशीला त्याच्या दुप्पट वेळ. औषधानं दोघी मेल्या तर आधी परतते ती माशी. शिवाय माशी हळूहळू औषधाला दाद देईनाशी होते.

रेशीमवाल्यांना हे कळलंय. १९८० मध्ये बंगालकडून कर्नाटकात उझी माशी पोचली. रेशीमकिड्यांवर औषध मारावं तर किडेच मरायचे! म्हणून म्हैसूरच्या रेशीम संशोधन संस्थेनं नेसोलिंक्स थायमस ही गांधीलमाशी वाढवून शेतकऱ्यांपर्यंत पोचवली.

कुणी म्हणेल, १९९४ चा प्लेग पाहिलेल्या सुरतेत घाण राहू द्यायची का? मुळीच नाही. ओलं शेण आठवड्याच्या आत उचलावं. कोरडी कड मात्र एकदम खरवडू नये, तिथे औषध तर नकोच. तबेलेवाल्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "अने घराक फरियाद करे तो?" दुधाची बरणी घेऊन येणारे घराक म्हणजे आपणच. तक्रार जरूर करूया, पण शेण उचला म्हणून.