प्रतिकारपेशी म्हणजे फक्त सैनिक?

मागच्या पालकसभेत एका आईने पर्समधून सिरपची बाटली काढली. "मॅडम, याने इम्युनिटी आणि बुद्धी दोन्ही वाढतात म्हणे. देऊ का?" मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारा. पण घरी येताना वाटलं, हा गोंधळ आपणच पेरतो. ‘प्रतिकारपेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ एवढं फळ्यावर लिहून आपण मोकळे होतो. मग सैनिक जितके जास्त तितके बरे, असंच सगळे धरून चालणार ना!

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्या वेगळ्या ओळखल्या. त्या मूळच्या मेंदूतल्या नाहीत. उंदरांवरच्या २०१० च्या संशोधनात दिसलं, की त्यांच्या पूर्वज पेशी गर्भाच्या पीतककोशात तयार होतात आणि मेंदू घडू लागतो न लागतो तोच तिथे मुक्कामाला येतात.

तिथे लढाई कुठे असते? तरी कामं खूप. मेलेल्या पेशी उचलायच्या आणि विरळणी करायची. बाजरी पेरणाऱ्या पालकांना हे लगेच कळेल. बी दाट पडतं, म्हणून उगवल्यावर जादा रोपं उपटावी लागतात. बाळाच्या मेंदूतही चेतापेशींचे जोड गरजेपेक्षा पुष्कळ जास्त तयार होतात. कमी वापरातले जोड मायक्रोग्लिया गिळतात. उंदराच्या पिल्लांत डोळ्यांकडून येणाऱ्या जोडांबाबत हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. गंमत म्हणजे, जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनंच इथेही कामाला येतात. ज्या पिल्लांत ही यंत्रणा बंद केली, त्यांच्यात जादा जोड तसेच राहिले. अर्थात, हे सगळं उंदरांत दिसलेलं. माणसातही जोड कमी होतात, आणि कपाळामागच्या भागात तर ते किशोरवय उलटलं तरी चालू असतं.

आता कुणी म्हणेल, मग तिसऱ्या वर्षीच मुलाला क्लासला घाला, नाहीतर जोड जातील! कृपा करून असं करू नका. जोड कमी होणं हा वाढीचाच भाग आहे, नुकसान नव्हे. आणि ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, नेमकं काय वाढवायचं?

पुढच्या वर्षी मी फळ्यावर सैनिकाशेजारी विरळणी करणारी बाई काढणार आहे. चित्रकला माझी यथातथाच, पण मुलं ओळखतील.