'दंगल' बघून पालक काय म्हणाले आणि मुली काय म्हणाल्या



'दंगल' तुम्ही पाहिला असणारच. २३ डिसेंबर २०१६ ला आला, त्यानंतर टीव्हीवर कितीदा लागून गेला त्याला गणती नाही. हरियाणातल्या बलाली गावचे महावीरसिंह फोगट, त्यांच्या गीता आणि बबिता या मुली, आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतलं गीताचं ५५ किलो गटातलं सुवर्णपदक. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. म्हणून आज कथा सांगत बसत नाही. हा चित्रपट बघून माणसं काय बोलतात, त्याबद्दल थोडं बोलायचंय.

मी तो आमच्या सातवी-आठवीच्या मुलांना दप्तरमुक्त शनिवारी दाखवला. २ तास ४१ मिनिटांचा चित्रपट सकाळच्या शाळेत एका दमात बसत नाही. गीता पतियाळ्याच्या अकादमीत जायला निघते तिथे थांबलो, उरलेला पुढच्या शनिवारी. सोय म्हणून केलेली ही गोष्ट, पण मधल्या आठवड्यात जे काही ऐकलं त्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

सोमवारी सकाळी फाटकापाशी आठवीतल्या एका मुलाचे वडील भेटले. खुशीत होते. "मॅडम, लई भारी पिक्चर दाखवलात. आता बघाच, उद्यापासनं ह्याला पाचला उठवतो. पळायला नेतो, आल्यावर स्कॉलरशिपचा एक पेपर. बाप असाच पाहिजे, कडक." मी हसले, "बरं" म्हणाले आणि वर्गावर गेले. गुरुवारी तिसऱ्या तासाला तो मुलगा बाकावर डोकं टेकून गाढ झोपला होता.

आता यात त्या वडिलांना दोष द्यायला मी मोकळी नाही. २०१६ साली थिएटरात मीही टाळ्या वाजवल्या होत्या. बाप मुलींना पहाटे उठवतो, पाणीपुरी बंद करतो, केस कापून टाकतो, आणि शेवटी राष्ट्रगीत वाजतं. राष्ट्रगीत वाजलं की मागचं सगळं बरोबरच होतं असं वाटायला लागतं. पदक मिळालं नसतं तर आपण त्याच बापाला काय म्हटलं असतं? हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आलाच नव्हता.

वर्गात मी मुलांना चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. नाव घालायचं नाही, जे वाटलं ते दोन ओळीत. मुलग्यांच्या चिठ्ठ्या साधारण एकसारख्या. मातीतली पहिली कुस्ती आवडली, ओंकारचं कोंबडी शिजवणं आवडलं. (आई आपल्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजवू देत नाही म्हणून या पुतण्याला ते काम लागतं. त्या प्रसंगाला वर्ग सगळ्यात जास्त हसला होता.) मुलींच्या चिठ्ठ्या मात्र वेगळ्या. बऱ्याच जणींनी केसांबद्दल लिहिलं होतं. दोघी-तिघींनी त्या लग्नाच्या प्रसंगाबद्दल. आणि एका चिठ्ठीत फक्त एक ओळ होती: "गीताने नको म्हटलं असतं तर?"

लग्नाचा प्रसंग आठवून बघा. गीता-बबिता सराव चुकवून मैत्रिणीच्या लग्नाला जातात. बाप तिथे येऊन ओंकारच्या थोबाडीत मारतो, मुली खाली मान घालून नवरीजवळ बसतात आणि देवा, असा बाप कुणाला देऊ नको, असं म्हणतात. तेव्हा ती चौदा वर्षांची नवरी सांगते की तुमचा बाप निदान तुम्हाला आपली लेकरं तरी समजतो, तुमच्या भविष्याचा विचार तरी करतो. तिच्या वाट्याला चूल, भांडी आणि अनोळखी माणूस आलेला असतो. त्यानंतर दोघी कुरकुर थांबवतात.

माझ्या मते हा चित्रपटातला सगळ्यात खरा प्रसंग आहे आणि सगळ्यात चुकीचा वापरला जाणाराही हाच. खरा का, ते आपल्यापैकी ज्यांनी मराठवाड्यात नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सहा-सहा महिने आईबाप फडात. वयात आलेली मुलगी मागे कुणाकडे ठेवायची? वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. नाहीतर 'उजवून टाकू' हे उत्तर ठरलेलं असतं. अठराच्या आत लग्न करता येत नाही हा कायदा २००६ चा आहे आणि तो गावात सगळ्यांना ठाऊकही असतो. तरी एखादी सातवीतली मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर येत नाही, आणि हजेरीत तिच्या नावापुढे नुसत्या फुल्या पडत राहतात. अशा मुलीच्या घरात महावीर फोगट असता तर मी त्याच्या पाया पडले असते. केस कापले तरी चालले असते, पहाटे चारला उठवलं तरी चाललं असतं.

पण फाटकापाशी भेटलेल्या त्या पालकांच्या घरात चूल आणि आखाडा असे दोनच रस्ते आहेत का? त्यांचा मुलगा चित्रं काढतो. वहीच्या मागच्या पानांवर ट्रॅक्टर, बैल, आमच्या मुख्याध्यापकांची मिशी, सगळं हुबेहूब. त्याच्यापुढे पाच-सहा वाटा आहेत. त्याला 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस असलेली मुलं आहेत, तेव्हा गप्प पळ' असं सांगणं म्हणजे नवरीचं ते बोलणं उचलून भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवणं. आपण शिक्षकही हे करतोच की. 'तुम्हाला पुस्तकं फुकट मिळतात, आमच्या वेळी...' हे वाक्य मी या वर्षात किती वेळा म्हटलं असेल कुणास ठाऊक.

चीनमध्ये हा चित्रपट मे २०१७ मध्ये लागला आणि भारतातल्यापेक्षा जास्त कमाई तिथे झाली. तिथे त्याचं नाव होतं 'चला कुस्ती खेळू, बाबा' अशा अर्थाचं. तिथले प्रेक्षक रडले, भारावले, आणि त्याचबरोबर त्यांच्यात वादही झाला. बापाने स्वतःचं अपुरं स्वप्न मुलींवर लादलं, यात मुलींची मुक्ती कसली, असं म्हणणारेही तिथे होते. परीक्षांच्या ओझ्याखाली वाढलेल्या पिढीला तो बाप ओळखीचा वाटला असणार. आपल्याकडेही तेव्हा असा सूर निघाला होता, पण 'आमची पोरंपोरी लाडावलीत' या सुरापुढे तो टिकला नाही.

चित्रपटातल्या काही गोष्टी दुसऱ्यांदा बघताना जास्त जाणवतात. महावीर बायकोकडे एक वर्षाची मुदत मागतो: वर्षभर करून बघू दे, नाही जमलं तर नाद सोडतो. चांगली गोष्ट आहे. पण ही मुदत त्याने कुणाकडे मागितली? बायकोकडे. मुलींना कुणी विचारलंच नाही. पुढे, गोष्ट सांगतो कोण? ओंकार, म्हणजे चुलतभाऊ. गीताच्या तोंडून आपण ती ऐकतच नाही. मुलींची तक्रार 'हानीकारक बापू' या गाण्यात येते, आणि ते गाणंही दोन मुलग्यांनी गायलंय! गाणं झकास आहे, आमच्या वर्गाने त्यावर टेबल बडवलं. पण तक्रार गाण्यात आली की ती गंमत होऊन जाते, हेही खरं.

दुसरं म्हणजे, बाप नेहमी बरोबर ठरावा म्हणून चित्रपटाने काही गोष्टी बदलल्या आहेत आणि पालकांना त्या खऱ्या वाटतात. अंतिम लढतीच्या वेळी बापाला खोलीत कोंडण्याचा प्रसंग घडलेलाच नाही. शेवटच्या क्षणी पाच गुणांचा डाव वगैरे थरारही नव्हता, गीताने ती लढत सरळ जिंकली होती. राष्ट्रीय प्रशिक्षकाचं पात्र (आपले गिरीश कुलकर्णी यांनी ते केलंय) इतकं कोतं रंगवलंय की तेव्हाचे खरे प्रशिक्षक पी. आर. सोंधी यांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली होती. शिक्षक म्हणून मला हे खुपतं. घरचा बाप शहाणा आणि संस्थेतला गुरुजी मूर्ख, असा धडा आपल्या समोर बसून मुलं घेतात. गीताला पुढे घडवलं ते कित्येकांनी. आणि मुलींना मातीत उतरवण्याचं धाडस महावीर यांच्या आधी त्यांचे गुरू चंदगी राम यांनी स्वतःच्या मुलींबाबत केलं होतं. ते नाव प्रेक्षकांच्या चर्चेत कधी येत नाही.

"मॅडम, एवढा कीस काढायचा तर मुलांना पिक्चर दाखवायचाच कशाला?" असं आमच्या एका सहकाऱ्याने विचारलं. दाखवायचाच. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. ज्या राज्याने १९५२ साली खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्य पाहिलं, तिथे मुलींच्या गदेला एवढी वर्षं लागली. आज आखाड्याच्या दारात मुलीला घेऊन उभा राहिलेला बाप दिसतो, त्यात 'दंगल'चा वाटा नक्की आहे. मी तो नाकारत नाही.

माझा मुद्दा 'नको' म्हणण्याचा आहे. २०२३ च्या जानेवारीत दिल्लीला जंतरमंतरवर कुस्तीगीर मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन बसल्या. विनेश फोगट, म्हणजे याच घरातली पुतणी, त्यांच्यात होती. रिओची पदकविजेती साक्षी मलिक होती. चित्रपटातली कुस्ती वजन, डाव, गुण यांचीच आहे. पण आखाड्याबाहेर या मुलींना जे करावं लागलं ते वेगळं होतं: वरच्या माणसाला तोंडावर 'हे चालणार नाही' म्हणणं. ज्या मुलीला लहानपणापासून एवढंच शिकवलंय की मोठा माणूस सांगतो ते मुकाट्याने करायचं, कारण तो भल्यासाठीच सांगतो, तिने हे कुठे शिकायचं? खेळाच्या मैदानावर, शिकवणीत, एसटीत, कुठेही. आज्ञाधारक लेकरू आपल्याला आवडतं, प्रगतिपुस्तकात आपण तसा शेराही मारतो. त्याची किंमत कोण मोजतं?

चित्रपटात एक जागा आहे जिथे गीता बापाशी लढते. पतियाळ्याहून नवं तंत्र शिकून आलेली असते, आणि बापाला चीत करते. प्रेक्षक तिथे बहुतेक बापाच्या बाजूने हळहळतात, तिला उद्धट म्हणतात. तुमच्या वर्गात दाखवलात तर माझी विनंती आहे, तिथे थांबवा. पुढचं लगेच बघू देऊ नका. आमच्या वर्गात मी विचारलं, "चूक कोणाची?" वर्ग बरोब्बर मधून फाटला. एक मुलगा म्हणाला, "चूक कुणाचीच नाय, वय झालं की बाप हरणारच." मी हे पन्नास लेख वाचून लिहू शकले नसते.

त्या झोपलेल्या मुलाच्या वडिलांशी नंतर बोलले. दोष दिला नाही, फक्त ती वर्षाच्या मुदतीची गोष्ट काढली. म्हटलं, महावीरने बायकोला विचारलं, तुम्ही मुलाला विचारा. ते म्हणाले, "पोरालाच काय विचारायचं मॅडम?" मग थोडं थांबून, "बघतो." सध्या मुलगा साडेसहाला पळतो असं सांगतो. स्कॉलरशिपचा पेपर चालू आहे. चित्रांचं अजून घरी बोलणं झालेलं नाही.

दुसऱ्या शनिवारी चित्रपट संपल्यावर मी ती चिठ्ठी वर्गात वाचली. गीताने नको म्हटलं असतं तर? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मग दंगल झालीच नसती." सगळे हसले. मुलींच्या रांगेतून आवाज आला, "झाली असती की. घरात."