विश्लेषण : स्थानकात रॅम्प, बाजारपेठेत पायरी... लासलगावसारख्या गावात व्हीलचेअर नेमकी अडते कुठे?

रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याची आणि ओटा तिसऱ्याचा. दुकानाच्या दारातल्या सहा इंचांबद्दल कायदा काय सांगतो, मुदत कधी संपली आणि तक्रार कुठे करायची?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २२ मे २०२५ रोजी राजस्थानातून दूरदृश्य प्रणालीद्वारे देशातील १०३ पुनर्विकसित रेल्वे स्थानकांचे उद्घाटन केले. ‘अमृत भारत स्थानक’ योजनेतील या यादीत नाशिक जिल्ह्यातील लासलगावचेही नाव होते. दिव्यांग प्रवाशांसाठीच्या सुविधा हा या योजनेचा ठरलेला भाग आहे. म्हणजे कांद्याच्या या गावात रेल्वेने येणाऱ्या व्हीलचेअरधारकाचा विचार निदान कागदावर तरी झाला आहे. मात्र स्थानकाबाहेर पडून मेडिकल, बँक, किराणा दुकान किंवा व्यापाऱ्याचे खळे गाठायचे असेल तर काय? त्या वाटेची जबाबदारी नेमकी कुणाची?

प्रश्न नेमका काय आहे?

बाजारपेठेच्या कोणत्याही गावात दुकानाचे दार फारसे अरुंद नसते. शटर पूर्ण उघडले की आठ-दहा फूट मोकळे असतात. अडचण त्याच्या आधी सुरू होते. रस्ता, त्याच्या कडेला गटार, गटारीवर ढापा, मग ओटा आणि ओट्यावर मांडलेला माल. त्यापुढे उभ्या केलेल्या दुचाकी. व्हीलचेअर, वॉकर किंवा कुबड्या घेऊन आलेला माणूस यातल्या पहिल्या नाही तर दुसऱ्या टप्प्यावर थांबतोच. हाताने चालवायची तीनचाकी सायकल तर दुकानात जाण्यासाठी बनलेलीच नसते. ती वापरणारा रस्त्यावरूनच हाक मारतो आणि दुकानदार माल बाहेर आणून देतो.

यात माणुसकी आहे, पण सोय नाही. बाहेर थांबलेल्या ग्राहकाला चार वस्तू हातात घेऊन निवडता येत नाहीत. औषध कशासाठी हवे आहे, हे त्याला भर रस्त्यात मोठ्याने सांगावे लागते. एटीएमच्या दोन पायऱ्या चढता येत नसतील, तर कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. शेतकऱ्याचा कांदा लिलावात विकला जातो, पण हिशोबपट्टी आणि पैसे घ्यायला व्यापाऱ्याच्या कार्यालयात मुलाला नाही तर शेजाऱ्याला पाठवावे लागते. स्वतःच्या पैशांचा व्यवहार स्वतः करता येतो की नाही, हे अशा रीतीने एका पायरीवर ठरते.

हे किती जणांना लागू होते?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यापैकी सुमारे ५४ लाखांना हालचालींशी संबंधित अपंगत्व होते. महाराष्ट्रातील एकूण संख्या २९ लाखांहून अधिक होती. त्या वेळी केवळ आठ गट मोजले गेले होते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे. शिवाय पक्षाघातातून सावरणारे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आणि वयामुळे काठी-वॉकर वापरणारे या आकड्यात येतच नाहीत. राज्य सरकार ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’तून ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये देते. म्हणजे वॉकरसाठी सरकारचे पैसे मिळतात, पण तो घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहतो.

ओटा उंच का असतो?

कारण साधे आहे. पावसाचे आणि गटारीचे पाणी दुकानात शिरू नये. रस्त्याचे दर वेळी नवे डांबरीकरण किंवा काँक्रिटीकरण होते, तेव्हा जुना थर न काढता त्यावरच नवा थर पडतो आणि रस्ता वर येतो. मग पुढच्या दुरुस्तीत दुकानदार ओटा आणखी उंच करतो. दोघांच्या या चढाओढीत मधली पायरी काही जात नाही.

रॅम्पचे गणित : जितके इंच, तितके फूट

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा जास्त नसावा. गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर एक इंच उंचीला एक फूट लांबी.

• ४ इंचांची पायरी : ४ फुटांचा रॅम्प
• ६ इंचांची पायरी : ६ फुटांचा रॅम्प
• दीड फुटाचा ओटा : १८ फुटांचा रॅम्प

अनेक दुकानांसमोर सिमेंटचा उतार दिसतो. तो बहुतेकदा दुचाकी चढवण्यासाठी असतो. सहा इंचांची उंची दोन फुटांत गाठणारा उतार म्हणजे १:४ चा चढ. त्यावर व्हीलचेअर मागे कलंडू शकते. त्यामुळे ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ एवढे म्हणून भागत नाही. त्याची लांबी मोजावी लागते.

दाराचेही नियम आहेत. दार उघडल्यावर किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट मोकळी जागा हवी. उंबरा असलाच तर तो १२ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. दारासमोर सपाट जागाही लागते. बँका, शोरूम आणि वातानुकूलित मेडिकलमध्ये नेमकी हीच गफलत होते. रॅम्प थेट काचेच्या दाराला भिडतो आणि दार बाहेरच्या बाजूला उघडते. उतारावर एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने दार ओढत मागे सरकणे जवळपास अशक्य असते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्यातील ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोक ज्या इमारतीचा वापर करतात, ती खासगी असली तरी यात मोडते. व्यापारी वापराच्या जागा, दवाखाने, धार्मिक स्थळे, बस स्थानके, रेल्वे स्थानके यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

• कलम ४४ : सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही.
• कलम ४५ : अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या.
• कलम ४६ : सरकारी व खासगी सेवा पुरवठादारांनी दोन वर्षांत सेवा सुगम्य करायच्या.
• कलम ८९ : पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड.

नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे सेवांची मुदत जून २०१९ मध्ये आणि इमारतींची जून २०२२ मध्ये संपली.

एटीएमसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना तर २००९ पासून आहेत. व्हीलचेअर जाऊ शकेल असा रॅम्प द्यावा, असे त्या सांगतात. तो शक्यच नसेल तर सूट मिळते, पण त्याचे कारण नोंदवून ते संबंधित शाखेत किंवा एटीएमवर प्रदर्शित करायचे असते. आपल्या नेहमीच्या एटीएमवर असा फलक कधी दिसला आहे का, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

मग अंमलबजावणी का होत नाही?

पहिले कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘राजीव रतुरी’ प्रकरणाच्या निकालात सांगितले. कायदा ‘करावेच लागेल’ म्हणतो, पण २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) केवळ मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो. तो कायद्याच्या हेतूशी विसंगत असल्याचे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील खंडपीठाने ठरवले. तडजोड होऊ शकणार नाही असे किमान बंधनकारक निकष वेगळे काढा आणि ते तीन महिन्यांत तयार करा, असे आदेश केंद्राला दिले. पूर्णत्वाचा दाखला रोखणे आणि दंड आकारणे या तरतुदी प्रत्यक्ष वापरण्यासही न्यायालयाने सांगितले.

दुसरे कारण स्थानिक आहे. तपासणी होते ती बांधकाम परवानगीच्या वेळी. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अडथळाविरहित प्रवेशाच्या तरतुदी आहेत, पण त्या नव्या बांधकामाच्या नकाशावर तपासल्या जातात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेले दुकान त्या टेबलावर कधी येतच नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पायरीची उंची तिथे कुणी विचारत नाही.

पायरीचा मालक कोण?

स्थानक आणि बाजारपेठ यांच्यातील खरा फरक इथे आहे. स्थानकाला मालक एकच, रेल्वे. आराखडा तिचा, निधी तिचा आणि जाब द्यायचा तोही तिनेच. बाजारपेठेत मात्र दहा फुटांच्या पट्ट्याचे तीन मालक असतात. मुख्य रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, गटार व ढापे स्थानिक स्वराज्य संस्थेचे आणि ओटा दुकानदाराचा.

दुकानदाराने सहा फुटांचा रॅम्प केला तर तो गटारीवरून रस्त्यात जातो आणि अतिक्रमण ठरू शकतो. गटार बांधणारा ठेकेदार ओट्याची उंची विचारात घेत नाही. रस्ता करणारा गटारीच्या ढाप्याकडे पाहत नाही. तिघेही आपापल्या जागी नियमात असतात आणि पायरी कायम राहते. त्यामुळे दुकानदाराला एकट्याला दंड करून प्रश्न सुटत नाही. रस्त्याचे किंवा गटारीचे पुढचे काम निघेल तेव्हा तिन्ही पातळ्या एकाच नकाशावर मोजणे, हाच टिकाऊ उपाय आहे. जुना थर खरवडून नवा टाकला आणि ढापा ओट्याच्या जवळपासच्या पातळीला आणला, तर निम्मी पायरी तिथेच संपते.

हे फक्त छोट्या गावांचे दुखणे आहे का?

नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांना स्वतःच्या विवाह नोंदणीसाठी खार येथील कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. त्यांनी समाजमाध्यमावर हा प्रकार मांडल्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी मुंबईच्या पदपथांवरील खांबांमुळे व्हीलचेअर अडते, अशी तक्रार एका तरुणाने ई-मेलने केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. वाहने चढू नयेत म्हणून लावलेले खांब व्हीलचेअरलाच रोखत होते.

परदेशातही जुनी दुकाने ही डोकेदुखीच आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने जुन्या दुकानांनाही फारशी अडचण आणि खर्च न येता हटवता येतील असे अडथळे दूर करणे बंधनकारक केले. कॅनडात टोरांटो येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॉपगॅप’ उपक्रमाने एकाच पायरीच्या दुकानांसाठी प्लायवूडचे रंगीत, उचलून ठेवता येणारे रॅम्प बनवले. ग्राहक आला की लावायचा, गेला की आत घ्यायचा. अतिक्रमणाचा प्रश्नच उरत नाही.

पैसा कुठून येणार?

राज्यातील ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ही रक्कम बहुतेक ठिकाणी वैयक्तिक मदत म्हणून वाटली जाते. ती मदत गरजेची आहेच आणि तिला कात्री लावून रॅम्प बांधणे योग्य होणार नाही. पण रस्ता आणि गटारीच्या मूळ अंदाजपत्रकातच ही पातळी धरली, तर वेगळा मोठा निधी लागत नाही. बांधून झाल्यावर तोडफोड करणे मात्र महाग पडते.

दुकानदार आजच काय करू शकतात?

• पायरी चार-सहा इंचांची असेल तर उचलता येणारा, न घसरणारा रॅम्प ठेवावा.
• ओटा उंच असेल तर बाजूने वळणारा रॅम्प बसतो का, हे गवंड्याकडून मोजून घ्यावे. तोवर पायरीला भक्कम कठडा लावला तरी वॉकर-काठीवाल्यांची मोठी सोय होते.
• रस्त्यावरून हात पोहोचेल अशा उंचीवर बेल लावावी.
• ओट्यावरील मालामधून तीन फुटांची वाट मोकळी ठेवावी.
• मदत करण्यापूर्वी विचारावे. न विचारता व्हीलचेअर उचलणे धोकादायक असते आणि अपमानास्पदही.

तक्रार कुठे करायची?

• केंद्र सरकारच्या ‘सुगम्य भारत’ ॲपवर जागेचे छायाचित्र टाकून तक्रार नोंदवता येते.
• सरकारी कार्यालयाबाबत तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करता येतो. कायद्याने असा अधिकारी नेमणे आवश्यक आहे.
• राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात आहेत. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत.
• गावात रस्ता-गटारीचे काम मंजूर होत असेल तर ग्रामसभेत पातळीचा मुद्दा आधीच मांडावा. काम झाल्यावर केलेल्या तक्रारीपेक्षा हा मार्ग अधिक उपयोगी ठरतो.

पुढे काय?

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. आता कसोटी आहे ती या विभागाचे म्हणणे बांधकाम विभाग आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचते का, याची. लासलगावच्या स्थानकाचे काम झाले, कारण ते करण्याची जबाबदारी एकाच यंत्रणेवर होती. बाजारपेठेतील सहा इंचांची जबाबदारी जोवर कुणा एकावर टाकली जात नाही, तोवर तिथला ग्राहक रस्त्यावरूनच हाक मारत राहणार.