बाजू मागण्याची भाषा

मराठवाड्यातील जिल्हा वृत्तपत्रे नियमाने वाचणाऱ्याला एक वाक्यखंड पाठच झालेला असतो : 'गाडीचा कट लागल्याच्या कारणावरून'. त्यापुढे बाचाबाची असते, हाणामारी असते, कधी त्याहूनही वाईट काही असते. बातमी वाचून आपण पान उलटतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र या दोन शब्दांपाशी थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. 'कट लागणे' आणि 'कट मारणे' हे प्रयोग एकाच घटनेचे असूनही एकाच अर्थाचे नाहीत. 'लागला' म्हटले की कर्ता नाहीसा होतो. ठेच लागते, ऊन लागते, तसा कट लागतो. 'मारला' म्हटले की कर्ता उभा राहतो आणि त्याच्यासोबत त्याचा हेतूही. रस्त्यावरचे भांडण पुष्कळदा या दोन क्रियापदांतलेच असते. पुढे निघून गेलेला म्हणतो, लागला असेल. मागे राहिलेला म्हणतो, मारला.

एका माणसाने दुसऱ्याला ओलांडून पुढे कसे जावे, हा या लेखाचा विषय आहे. त्यातही सायकलवरच्या माणसाने पायी चालणाऱ्याला. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्या समाजात ओलांडून जाण्यावरून रक्त सांडते, त्या समाजात तो किरकोळ नाही; आणि तो जितका चाकांचा आहे तितकाच शब्दांचाही आहे, म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे.

आमच्या डोळ्यांसमोर परभणी तालुक्यातील पोखर्णी आहे. नृसिंहाच्या पुरातन मंदिरामुळे हे गाव ओळखले जाते. परभणी–परळी लोहमार्गावरील स्थानकाचे नावही 'पोखर्णी नृसिंह' असेच आहे. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोखर्णीचा फाटा लागतो. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, या वाटेवर पायी येणाऱ्यांची गर्दी असते. आषाढीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी याच रस्त्याने पंढरपूरकडे जाते. उरलेल्या दिवसांत शाळेला निघालेल्या मुली, शेताकडे जाणारे लोक, दाव्याला धरलेली जनावरे, शेळ्या, बैलगाड्या, आणि हिवाळ्यात उसाने भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यावर थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

शहरांत या विषयाची चर्चा मार्ग बांधण्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. मुंबईत पवई तलावाकाठच्या सायकल व जॉगिंग मार्गाचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले. तिथे प्रश्न पाणथळ जागेच्या संरक्षणाचा होता. मार्ग कुठे असावा, किती रुंद असावा, असावा की नसावा, यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या मार्गावर धावणाऱ्याला सायकलस्वाराने कसे ओलांडावे, यावर फारसे कोणी बोलत नाही. मार्ग झाला की वागणूक आपोआप येईल, असे गृहीत धरलेले असते.

पोखर्णीच्या वाटेवर असा वेगळा मार्ग नाही. आहे ती साइडपट्टी. डांबराची कड आणि शेताचा बांध यांच्यामधली ही पट्टी धड रस्ता नव्हे आणि धड शेतही नव्हे. नृसिंहाच्या कथेत घरात नाही आणि घराबाहेर नाही अशी जी जागा सापडते, तो उंबरठा. आमच्या रस्त्यांचा उंबरठा म्हणजे साइडपट्टी. तिच्यावर हक्क कोणाचा हे कोणी ठरवलेले नाही, म्हणून तिच्यावर सगळेच असतात. या सगळ्यांत सायकलस्वाराची जागा विलक्षण आहे. मागून येणाऱ्या ट्रकपुढे तो जीव मुठीत धरून असतो. पुढे चालणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीने मात्र तोच ट्रक असतो. एकाच क्षणी दुर्बळ आणि सबळ असणे ही अवस्था कादंबरीकारांच्या आवडीची आहे. सायकलवर ती रोज वाट्याला येते. मोटार वाहन कायदा, १९८८ यातील व्याख्येत यांत्रिक शक्तीवर चालणारे वाहनच बसते, पायडलची सायकल बसत नाही. तिला परवाना लागत नाही, म्हणून तिच्यासाठी परीक्षाही नाही. त्यामुळे तिचा बहुतेक शिष्टाचार कायद्याबाहेर, माणसांमाणसांत ठरतो.

आधी साधा हिशेब पाहू. चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटरने जात असेल आणि मागून सायकल ताशी पंधराने येत असेल, तर दोघांतले अंतर सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास तुटत असते. पाच मीटरवर येऊन घंटी वाजवली तर पुढच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात तो दचकतो, मागे वळून पाहतो, आणि वळताना त्याचे पाऊल ज्या बाजूला मान वळते त्याच बाजूला पडते. पुष्कळदा ती बाजू सायकलचीच असते. दोघे जोडीने चालत असले तर घंटी ऐकून एक डावीकडे सरकतो आणि एक उजवीकडे. वाट मधोमध फुटते आणि सायकलस्वार दोघांच्या मध्ये शिरतो. हाच इशारा पंचवीस मीटरांवरून दिला तर नऊ सेकंद मिळतात. नऊ सेकंदांत माणूस ऐकतो, समजून घेतो, सोबतच्या मुलाचा हात धरतो आणि एका कडेला होतो. सुरक्षितपणे ओलांडण्याचे अर्धे शास्त्र या सात सेकंदांच्या फरकात आहे.

उरलेले अर्धे समोरच्या माणसाकडे नीट पाहण्यात आहे. डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही; तिने मागे पाहून बाजूला व्हावे ही अपेक्षाच चूक आहे. तिच्या बाबतीत वेग कमी करून, पुरेसे अंतर ठेवून, तिला पाऊलही बदलावे लागू नये अशा रीतीने पुढे जावे. माणूस आणि त्याने धरलेले जनावर यांच्या मधून कधीही जाऊ नये. दावे ताणले की सायकल त्यात अडकते आणि जनावर बुजते. म्हाताऱ्या माणसाला ऐकू येत नसेल, कानांत इअरफोन घातलेल्या तरुणाला ऐकू येत नसेल, परिणाम एकच. उत्तर आले नाही, मान हलली नाही, तर आपला इशारा पोचला नाही असेच समजावे. ओलांडायचे ते उजवीकडून, आणि ओलांडल्यावर लगेच डावीकडे घुसायचे नाही, हा वाहनांचा नियम इथेही उपयोगी आहे. मागे आणखी सायकली असतील तर पहिल्याने तसे सांगावे, कारण एक गेली की पुढचा माणूस निश्चिंत होऊन पुन्हा मध्ये येतो. जागाच नसेल तर उतरावे. उतरण्यात कमीपणा नाही.

आता घंटीविषयी. घंटी ही आज्ञा आहे की खबर? 'सरका' आणि 'मी येतो आहे' या दोन वाक्यांपैकी ती कोणते बोलते? जपानच्या कायद्यात, काही ठरावीक ठिकाणे आणि धोका टाळण्याचे प्रसंग सोडले तर घंटी वाजवू नये असा दंडक आहे. पादचाऱ्याला हटवण्यासाठी घंटी वाजवणे तिथे बसत नाही. ब्रिटनच्या 'हायवे कोड'मध्ये नेमका उलटा सल्ला दिसतो : वेग कमी करा, आणि आपण येत आहोत हे चालणाऱ्याला कळू द्या, हवी तर घंटी वाजवून, त्याला ऐकू वा दिसू येत नसेल हेही ध्यानात ठेवा. वरवर हे दोन नियम परस्परविरोधी वाटतील. खोलात पाहिले तर दोन्हींचे म्हणणे एक आहे. घंटी सांगण्यासाठी आहे, हटवण्यासाठी नाही. दुरून एकदा, हलकेच वाजलेली घंटी म्हणजे वाक्याचा आरंभ. पाठीशी येऊन खणखणत राहिलेली घंटी म्हणजे शिवी.

पण आमच्याकडे घंटीहून जुने आणि अधिक नेमके साधन आहे. ते म्हणजे संबोधन. वारीत पुढे जाणारा मागून म्हणतो, 'माउली, थोडी बाजू द्या'. या छोट्या वाक्याची रचना पाहावी. आधी समोरच्याला नाव दिले आहे, आणि ते नाव त्याला मान देणारे आहे. मग मागणी आहे, तीही 'थोडी'. क्रियापद 'द्या' आहे. म्हणजे बाजू त्याची आहे, ती देणे त्याच्या हाती आहे, आणि आपण घेणारे आहोत. 'सरका' या एका शब्दात यातले काहीही नाही. तिथे समोरचा माणूस वाटेतली वस्तू आहे. 'मामा', 'मावशी', 'दादा', 'ताई' यांतही हेच घडते. नात्याचा शब्द उच्चारला की मागून येणाऱ्याचा वेग नकळत कमी होतो, कारण मावशी म्हटल्यावर मावशीला धडकता येत नाही. व्याकरणात संबोधनाला आपण शेवटची विभक्ती म्हणून शेवटी शिकवतो. रस्त्यावर ती पहिली आहे.

'बाजू द्या' या मागणीचा इतिहास मात्र सरळ नाही, आणि शिष्टाचाराविषयी लिहिताना तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या गावांत बाजू देण्याचा रिवाज होताच. तो खालच्या म्हटल्या गेलेल्यांनी वरच्या म्हटल्या गेलेल्यांना देण्याचा होता. काही वस्त्यांपुढून जाताना पायांतली वहाण हातात घ्यावी लागे, सायकल असेल तर उतरून चालावे लागे. दलित आत्मकथने शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. केरळातील वैकमचा १९२४–२५चा सत्याग्रह मंदिरप्रवेशाचा म्हणून अनेकदा सांगितला जातो. तो मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी होता. म्हणजे वाट कोणी कोणाला द्यायची हा प्रश्न आपल्याकडे सभ्यतेचा कधीच नव्हता, सत्तेचा होता. 'वाट सोड' हे वाक्य ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, त्यांच्या नातवाने आज सायकलवर बसून मागची घंटी ऐकली आणि तो सरकला नाही, तर त्याला उद्धट म्हणण्याआधी थांबायला हवे.

म्हणूनच आम्ही ज्या शिष्टाचाराची बाजू घेतो आहोत तो जुन्याची आठवण नाही, जुन्याची उलटापालट आहे. जुन्या रिवाजात दुर्बळ सरकत असे. नव्या रिवाजात सबळाने थांबायचे आहे. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या नियमावलीत हेच तत्त्व आरंभी आणून ठेवले : ज्याच्याकडून सर्वांत जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर सर्वांत जास्त जबाबदारी. ट्रकवर सायकलची, सायकलवर पायी चालणाऱ्याची. ही उतरंड जात, वय, पैसा यांपैकी काहीही विचारत नाही. केवळ वजन आणि वेग विचारते. सायकलवरून उतरून चालण्याची एके काळची सक्ती अपमान होती. भारा वाहणाऱ्या बाईसाठी आपखुशीने उतरणे हा त्याच कृतीचा संपूर्ण उलटा अर्थ आहे. कृती एक, संदर्भ वेगळा, अर्थ वेगळा. वर्गात हे आपण शब्दांविषयी नेहमी सांगतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. माणसे सायकलीखाली मरत नाहीत; मोठ्या वाहनांखाली मरतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात संत नामदेवांच्या दिंडीत जेसीबी घुसून दोन वारकरी मृत्यू पावले. जानेवारी २०२५ मध्ये बीडजवळ घोडका राजुरी येथे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारे तीन तरुण एसटी बसखाली गेले. ज्या रस्त्यावर चालायला जागाच नाही तिथे सायकलस्वाराला 'माउली' म्हणायला शिकवणे हा सरकारी कर्तव्याला दिलेला गोड पर्याय नव्हे काय? आक्षेप आम्हांला मान्य आहे. पायवाट बांधणे हे शासनाचेच काम आहे आणि कितीही गोड संबोधनाने ते टळू नये. परंतु पायवाट झाली तरी तिच्यावर सायकल आणि पाय एकत्रच येणार आहेत. शिवाय आजचा सायकलवरचा मुलगा उद्या मोटारसायकलवर बसणार आहे, परवा ट्रॅक्टरवर. कट मारण्याची किंवा बाजू मागण्याची सवय त्याला सायकलवरच लागते. साठच्या वेगाने ती शिकता येत नाही.

चालणाऱ्यांकडेही काही येणे आहे. पायवाट नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. चौघांनी हारीने रस्ता व्यापू नये. इअरफोन घालायचाच तर एक कान मोकळा ठेवावा. आणि कोणी बाजू मागितली तर ती देताना कपाळाला आठ्या नसाव्यात. पण हे येणे दुय्यम आहे. मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. ज्याला दिसते त्याने आधी बोलावे.

मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातील अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. सायकल हाती देताना तिच्यावरून कसे जावे याचा एक तास कोणी घेतला तर तो मराठीच्या शिक्षकाने घ्यावा, असे आमचे मत आहे. वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता इतर कोणीही समजावून देईल. 'कट लागला' आणि 'कट मारला' यांतला, 'सरका' आणि 'बाजू द्या' यांतला फरक आम्हीच शिकवायचा आहे. तो परीक्षेला येणार नाही. फाट्यापासून गावापर्यंतच्या वाटेवर मात्र तो रोज विचारला जाईल.