डोळे लाल आलेत? राहू द्या!

गेल्या शनिवारी एका मित्राने ग्रुपवर मुलीच्या वाढदिवसाचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "लाल डोळे काढायला कुठलं अ‍ॅप चांगलं?" पाच मिनिटांत सात उत्तरं. माझं आठवं, "काढू नकोस." त्यावर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ग्रुपवर एवढं लांब टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून हा लेख.

आधी कबुली देतो. लाल डोळे काढणारा कोड मी स्वतः लिहिलाय. 2006 च्या सुमाराला मी एका छोट्या कंपनीत फोटो प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. गिऱ्हाइकाने मेमरी कार्ड द्यायचं, आमच्या प्रोग्रॅमने फोटो 'सुधारून' छापायचे. लाल डोळ्यांचं मोड्यूल माझ्या गळ्यात पडलं. तंत्र अगदी सोपं आहे हो. चेहरा शोधा, त्यात गोल आणि लाल ठिपका शोधा, त्या पिक्सेलमधला लाल आकडा काढून तिथे हिरव्या-निळ्याची सरासरी भरा. डोळा काळा! वर जिवंतपणा यावा म्हणून एक पांढरा ठिपका. पहिल्याच आठवड्यात एका लग्नाच्या अल्बममधल्या यच्चयावत बायकांची कुंकवं काळी झाली. गोल आहे, लाल आहे, चेहऱ्यावर आहे, प्रोग्रॅम बिचारा काय करणार? तो बग सगळ्यांना दिसला, म्हणून दुरुस्त झाला. जो कुणालाच दिसला नाही, त्याबद्दल हा लेख आहे.

मुळात डोळा लाल येतो का? अंधारात बाहुली मोठी होते. फ्लॅशचा उजेड त्या उघड्या खिडकीतून आत जातो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि जवळजवळ आल्या वाटेने परत येतो. पडद्यामागे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, म्हणून परतणारा उजेड लाल. खिशातल्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि लेन्स यांच्यात जेमतेम 4 सेंटिमीटर अंतर. दोन मीटरवरच्या माणसाच्या दृष्टीने हा कोन होतो साधारण 1 अंश, म्हणजे परतीचा उजेड थेट लेन्समध्ये. मोठ्या कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश बसवून तो 15 सेंटिमीटर वर नेला, की तोच कोन 4 अंशांच्या वर जातो आणि लाली बहुतेक वेळा गायब. आता गंमत बघा. लोक लाल डोळे टाळायला लांब जातात आणि झूम करतात. लांब गेलात की कोन आणखी लहान होतो! जवळ या. खोलीतले दिवे लावा. फ्लॅश छताकडे वळवता येत असेल तर वळवा. लग्नाच्या फोटोग्राफरांना हे सगळं तोंडपाठ असतं, आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. शालू नेसलेली नवरी भुतासारखी दिसावी असं मलाही वाटत नाही.

कॅमेऱ्यातली 'रेड आय रिडक्शन'ची सोय म्हणजे खऱ्या फ्लॅशआधी उजेडाचे एक-दोन झटके देऊन बाहुली आक्रसवायची. त्यात सेकंदभर जातो, तेवढ्यात आजोबा "झाला का फोटो?" म्हणून उठतात. असो.

माझं भांडण आहे लहान मुलांच्या फोटोंवरून. तो लाल रंग म्हणजे घाण नाही, ती माहिती आहे. उजेड आत गेला, वाटेत काही आडवं आलं नाही, पडद्यापर्यंत पोचून परत आला, असा तो निरोप आहे. नवजात बाळाच्या डोळ्यात डॉक्टर उपकरणाने उजेड टाकून हीच लाली तपासतात. आपल्याकडे डोळ्याच्या पडद्यामागे रंगद्रव्य जास्त, त्यामुळे ती थोडी गडद किंवा केशरी दिसते. दोन्ही डोळ्यांत ती सारखी असावी लागते. एका बाहुलीत पांढरट चमक आली तर कारण मोतीबिंदू असू शकतं, किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर. तो दुर्मीळ आहे, साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एक. पण लवकर कळला तर जीव आणि बऱ्याचदा नजरही वाचते.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हाच आजार निघाला. त्यांनी मागे जाऊन घरातले फोटो उपसले, तर पांढरी चमक पहिल्या काही दिवसांच्या फोटोंतच होती. पुढे त्यांनी ती ओळखणारं अ‍ॅप बनवलं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 40 मुलांचे पन्नास हजारांवर घरगुती फोटो तपासले होते. डोळ्यांचा आजार असलेल्या 20 मुलांपैकी 16 जणांत अ‍ॅपला चमक सापडली, निदानाच्या सरासरी 1.3 वर्षं आधीच्या फोटोंत. घरातले साधे फोटो, बरं का!

आता माझी गोष्ट. माझ्या भाच्याचा तिसरा वाढदिवस 2009 साली झाला. ताईने हौसेने सगळे फोटो माझ्याकडे दिले, "तुझ्या त्या प्रोग्रॅममधून काढून दे रे." मी दिले. तीनशे चाळीस फोटो, सगळे डोळे काळेभोर. आपल्या लोकांचे डोळे लालऐवजी केशरी येतात, म्हणून मी मर्यादा मुद्दाम सैल ठेवली होती. आणि जागा वाचावी म्हणून मूळ फाइलवरच लिहीत होतो.

2012 मध्ये शाळेतल्या डोळे तपासणीत कळलं की त्याच्या डाव्या डोळ्याला मोठा नंबर आहे. मेंदूने त्या डोळ्याकडे बघणंच सोडलं होतं. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज रडारड, दोन वर्षं. सात वर्षांच्या आत सुरू झालं म्हणून प्रतिसाद बरा मिळाला. पण आधी कळलं असतं तर? त्या दिवाळीत दाजींच्या जुन्या सीडीवर त्याच वाढदिवसाचे, त्यांच्या मित्राने काढलेले सहा फोटो मिळाले. माझ्या प्रोग्रॅममधून न गेलेले. चार फोटोंत उजवा डोळा गडद केशरी आणि डावा फिकट, उजळ. चारही वेळा डावाच. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला की असं दिसू शकतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ताई एवढंच म्हणाली, "तुला तरी कुठे माहीत होतं?" खरं आहे. पण पुसायच्या आधी मी विचारलंही नव्हतं.

"मग काय प्रत्येक फोटो घेऊन डॉक्टरकडे पळायचं?" असं ग्रुपवर एकाने विचारलंच. नाही. मूल थोडं बाजूला बघत असेल तर डोळ्यातल्या नसेच्या चकतीवरून उजेड परततो आणि निरोगी डोळाही पांढरा दिसतो. एका फोटोवरून काही ठरत नाही. पण निरनिराळ्या फोटोंत तोच एक डोळा वेगळा दिसत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, फोटो सोबत न्या. आणि फोटोत सगळं ठीक दिसतंय म्हणून तपासणी टाळू नका.

माझा राग आहे तो आमच्या जमातीवर. डेटाबेसमधली एक ओळ न विचारता बदलली तर आपण एकमेकांना फाडून खातो. आणि इथे बाळाच्या डोळ्यातला रंग बदलणारी सोय काही कॅमेऱ्यांत, अ‍ॅपांत न विचारता चालू असते, आणि त्याला 'सुधारणा' म्हणतात! ही सोय आधी बंद हवी, ज्याला हवी त्याने चालू करावी. मूळ फाइलला हात लावायचा नाही. एवढं कठीण आहे का हे? मी मोजलंय, माझ्या त्या कोडमध्ये तीन ओळींचं काम होतं.

मित्राने परवा फोन केला. मुलीचे दोन्ही डोळे सारखे लाल आहेत म्हणाला. मी म्हटलं, मस्त, आता भिंतीवर लावायच्या एका फोटोतले खुशाल काळे कर, बाकीचे तसेच ठेव.